प्रत आहे, पण परत मिळेल का?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने भलत्याच संगणकाला माहिती पुसण्याची आज्ञा दिली. ती थांबवीपर्यंत डेटाबेसातील सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी जेमतेम साडेचार उरली होती. राखणीच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाची ठरली नाही. नेहमीची प्रत घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे प्रत होतच नव्हती, आणि तसे कळविणारे ई-मेलही कोणाला पोचत नव्हते! सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत कामी आली. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

हल्ली डेटाबेस भाड्याने मिळतात. ॲमेझॉनच्या सेवेत रोज प्रत निघते, शिवाय दरम्यानच्या बदलांची नोंदवही राहते. प्रतीवर त्या नोंदी क्रमाने चढविल्या की हव्या त्या क्षणीची स्थिती नव्या डेटाबेसात उभी राहते. मात्र या आपोआप निघणाऱ्या प्रती फार तर ३५ दिवस टिकतात. सोबत चालणारा जुळा डेटाबेस ही काही राखीव प्रत नव्हे. मूळ डेटाबेसात चुकून खोडलेली नोंद जुळ्यातूनही लगेच खोडली जाते.

म्हणून ‘प्रत घेतली आहे’ हे विधान माझ्या मते निव्वळ गृहीतक होय. आपण प्रयोगावाचून ओहमचा नियमदेखील मान्य करीत नाही, मग हे का करावे? शाळेच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर असेल, तर विज्ञान मंडळाने एखाद्या शनिवारी तिची राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी, पुस्तके मोजावीत आणि लागलेला वेळ वहीत लिहावा.