मिनिटाला साठ शब्द

तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, समजून वाचावा, असे ‘निपुण भारत’ अभियान सांगते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानाची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. मापदंड रास्त आहे. पण मुलाला तिथवर नेणाऱ्या शिक्षकाचे काय? ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावरचे व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळते, मूल नेमके कुठे अडते हे ओळखणारा कान तयार होत नाही. मेळघाटातले घरी कोरकू बोलणारे मूल मराठी वाक्य अडखळत वाचते. ते जोडाक्षरावर थांबले, की शब्दच त्याच्या ओळखीचा नाही? या दोन अडचणींचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या अडचणीत तर आधी गप्पा, गोष्टी आणि त्याच्या बोलीचा आधार हवा. अडचण ओळखण्याचे हे कसब मुलाशेजारी बसून, ऐकून, चुकत-माकतच येते. शाळासमूहाच्या केंद्रात होणारी शिक्षकांची मासिक शिक्षण परिषद त्यासाठीच वापरावी. तिथे परिपत्रके वाचण्याऐवजी मुलांच्या वाचनाची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, केंद्रप्रमुखांनी स्वतः वर्ग घेऊन दाखवावा. आणि पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना सर्वेक्षणे व मतदारयाद्यांच्या कामातून या वर्षापासूनच मोकळे करावे.