सामानाची यादी आणि शब्दांची यादी

साहित्याच्या विद्यार्थ्याच्या मनात कधी ना कधी एक सहल घर करते. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तंबू, डाळ-तांदूळ आणि काडेपेटी, हातात गळाची काठी आणि समोर उत्तरेकडचे असे रान की जिथे नकाशावरच्या रस्त्यांच्या रेघा संपतात. मासा स्वतः धरायचा, स्वतः शिजवायचा, आणि चार-आठ दिवस कुणाशी बोलायचे नाही. ही सहल बहुधा अनुभवातून आलेली नसते, ती पुस्तकांतून आलेली असते. त्यात वावगे काही नाही; आपल्या बऱ्याच इच्छा पुस्तकांतूनच येतात. मात्र पुस्तकातून आलेली इच्छा प्रत्यक्ष भूमीवर उतरवायची तर पुस्तक आधी नीट वाचलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला अशी 'उत्तर' शोधायला दूर जावे लागत नाही. घाटावरचे बुलढाणा-चिखली-मेहकर मागे टाकून खाली उतरले की पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे लागते, आणि त्याच्या पलीकडे जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा भिंतीसारखा उभा असतो. तिथेच अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे रान आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पहिल्या सहलीचा बेत आखणाऱ्याचे बोट नकाशावर तिथेच थांबते. हा बेत कसा आखावा, याविषयी माझे एक मत आहे, आणि ते साहित्यातूनच मांडायचे आहे.

या स्वप्नाचे सर्वांत प्रभावी रूप हेमिंग्वेच्या १९२५ सालच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या दीर्घकथेत सापडते. निक अ‍ॅडम्स हा तरुण उत्तर मिशिगनमधल्या सिनी नावाच्या जळून गेलेल्या गावी आगगाडीतून उतरतो, जड ओझे पाठीवर घेऊन चालत जातो, तंबू ठोकतो, डब्यातले अन्न गरम करून खातो, सकाळी नाकतोडे धरतो आणि नदीत उभा राहून ट्राऊट मासे पकडतो. कथेत एवढेच घडते. युद्धाचा शब्द नाही, पण युद्धाने मोडलेला माणूस प्रत्येक कृतीत आहे. ज्याने ही कथा वाचली त्याला सॅक भरावीशी वाटणारच.

परंतु याच कथेमागची एक हकीकत विसरता येत नाही. हेमिंग्वे १९१९ साली सिनीला खरोखर गेला होता, तो दोन मित्रांसह. मासे धरले ते फॉक्स नदीत. 'टू-हार्टेड' हे नाव त्याने दुसऱ्याच नदीवरून मुद्दाम उचलले. म्हणजे कथेतला एकांत ही भूगोलाने दिलेली वस्तू नव्हे. लेखकाने सोबत्यांना वगळून तो घडवला आहे. कलाकृतीत हे वगळणे हे सामर्थ्य ठरते. पण तेच वगळणे सहलीच्या आराखड्यात शिरले, तर वगळली जातात ती खरीखुरी माणसे.

इथे भाषेचा प्रश्न येतो. इंग्रजीतल्या 'विल्डरनेस' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'अरण्य' या शब्दात परकेपणाची, दूरपणाची छटा आहे, पण आपल्या परंपरेतले अरण्य ऋषींनी आणि आश्रमांनी गजबजलेले असते. 'जंगल' ज्या संस्कृत 'जांगल' शब्दावरून आले, त्याचा मूळ अर्थ दाट झाडी नव्हे, तर कोरडा, उघडा प्रदेश. आणि 'रान'? पश्चिम महाराष्ट्रात 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेला आहे. आपल्याकडे रानाला धनी असतो, वाट असते, वस्ती असते. उलट अमेरिकेच्या १९६४ च्या विल्डरनेस कायद्याची व्याख्याच अशी की तिथे माणूस हा केवळ पाहुणा, मुक्काम न करणारा. या कल्पनेवर रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये आणि विल्यम क्रोनन यांनी १९९५ मध्ये घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. निर्मनुष्य निसर्ग बहुधा सापडत नाही, तो केला जातो, हा त्यांचा इशारा आपल्या सातपुड्याला तंतोतंत लागू पडतो. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी हलवली गेली, पुढे आणखीही गावे उठली. २०१९ च्या जानेवारीत तर पुनर्वसित गावकरी जुन्या गावांकडे परतले आणि त्यांच्यात व वनखाते-पोलिसांत संघर्ष झाला. व्याघ्ररक्षणासाठी हे करावे लागले की नाही, हा स्वतंत्र वाद आहे. पण ज्या शांततेसाठी आपण तिथे जाऊ पाहतो, तिच्यात उठलेल्या गावांची शांतताही मिसळलेली आहे, हे माहीत असणे हा सहलीच्या तयारीचाच भाग आहे.

आता गळाविषयी. अभयारण्यात गळ नेता येत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये प्रवेश-परवान्याची कारणे दिली आहेत. त्यांत अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन अशी कारणे आहेत, मासेमारी नाही. २००२ च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या 'प्राणी' या व्याख्येत मासाही येतो. मनाला येईल तिथे तंबू ठोकण्याचीही मुभा नाही, आणि वाघ-अस्वलांच्या रानात ती नसणेच शहाणपणाचे. उन्हाळ्यात तर हे ओढे कोरडे पडतात. ज्या डोहात पाणी उरते तो डोह जनावरांचा असतो. तेव्हा बेत आखायचा तो दिवाळीनंतरचा, मुक्काम अभयारण्याबाहेरच्या गावात, आणि गळ टाकायचा तो बाहेरच्या पाण्यात. तेही कुणाला विचारून, कारण धरणांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. वारी भैरवगडाजवळ वान नदीवर मोठे धरण आहे. तिथे जाणाऱ्याने पाण्याआधी माणसांकडे जावे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने जे सामूहिक हक्क मान्य केले, त्यांत पाणवठ्यांतल्या माशांचा उल्लेख आहे. एकाच माशाकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत. आपण हौशी लोक दोन्हींच्या बाहेरचे, हे ओळखून वागावे.

मराठी साहित्यात हा हौशी गळवाला फारसा का दिसत नाही, याचाही विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे मासे धरणे ही फावल्या वेळेची साधना नाही. ते भोई, ढीवर, कोळी यांचे पोटाचे काम आहे. त्याला जात चिकटलेली आहे आणि म्हणून प्रतिष्ठा चिकटलेली नाही. आपल्या वाक्प्रचारांतला गळही फसवणुकीचा किंवा आर्जवाचा आहे: कुणी गळाला लागतो, कुणी कुणाला गळ घालतो. हेमिंग्वेची मासेमारीची दुसरी मोठी कथा मराठीत आली ती पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादातून. तिचा नायक हौशी नाही, पोटासाठी समुद्रावर जाणारा म्हातारा आहे. शीर्षकात पुलंनी साधलेला कोळ्याचा श्लेषही जाळे विणणाऱ्याचे चिवट श्रमच सुचवतो. आपल्या भाषेला सान्तियागो लगेच ओळखता आला, निक मात्र अजून थोडा परकाच आहे. हा परकेपणा मला दोष वाटत नाही. तो आपल्याला एक प्रश्न विचारायला लावतो: ज्याचे हे काम आहे, त्याच्याशी तुझे नाते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला थोरोच्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात दिसते. दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादामुळे 'वॉल्डन' मराठी वाचकाला परिचित आहे. पण वॉल्डनचे तळे गावापासून जेमतेम दीड मैलावर होते. थोरो खऱ्या अर्थाने उत्तरेच्या दुर्गम रानात गेला तो मेन राज्यात, १८४६, १८५३ आणि १८५७ साली. त्या प्रवासांचे 'द मेन वुड्स' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८६४ मध्ये निघाले. १८५७ च्या प्रवासात त्याचा वाटाड्या जो पोलिस हा पेनॉबस्कॉट जमातीचा माणूस होता. त्याची मजुरी दिवसाला दीड डॉलर ठरली, होडीचे भाडे आठवड्याला अर्धा डॉलर. आणि त्याहून महत्त्वाचा करार असा झाला की थोरोने आपल्याला ठाऊक असलेले सारे सांगायचे, आणि पोलिसने त्याला ठाऊक असलेले. थोरोच्या नजरेतही त्याच्या काळाचे पूर्वग्रह आहेत. तरी या पुस्तकाच्या परिशिष्टाकडे पाहा. त्यात अशा प्रवासासाठी लागणाऱ्या सामानाची यादी आहे, गळ आणि दोऱ्यांसकट. आणि तिच्या लगेच पुढे दुसरी यादी आहे, मूलनिवासींच्या भाषेतल्या शब्दांची.

माझे सारे म्हणणे या दोन याद्यांच्या शेजारात आहे. पहिली यादी आपण सगळेच करतो: टॉर्च, दोरी, औषधे, पाण्याच्या बाटल्या. दुसरी कोणी करत नाही. आणि बुलढाण्याच्या उत्तरेला ती जितकी गरजेची आहे तितकी क्वचितच कुठे असेल. कारण जळगाव जामोद तालुक्यात, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा वस्त्यांत, निहाली बोलली जाते. तिचे बोलणारे तिला कल्टो असेही म्हणतात. तिचे नाते आर्य, द्राविड वा मुंडा यांपैकी कोणत्याही कुळाशी निःसंशयपणे जुळत नाही. जगातल्या मोजक्या एकाकी भाषांत तिची गणना होते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात तिची नोंद आहे. डच पंडित काइपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास लिहिला, आणि ती चोरट्यांच्या गुप्त बोलीसारखी घडली असावी काय, अशी शंकाही घेतली. २०१४ मध्ये के. एस. नागराज यांचे निहालीवरील पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने काढले. बोलणारे २००० ते २५०० असावेत, असा अंदाज दिला जातो. तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकूतून आलेला आहे, आणि आता तिच्यावर मराठी-हिंदीचे पाणी चढते आहे.

एका ओढ्याच्या काठी उभे राहिले तर काय ऐकू येते पाहा. आपले 'पाणी' कोरकूत 'डा' होते, निहालीत 'जोप्पो'. कोरकूत माशाला 'काकू' म्हणतात. आपल्याला हसू येईल, पण तो शब्द आपल्या काकूपेक्षा फार जुन्या घराण्यातला, मुंडा कुळातला आहे. ज्याला हे तीन-चार शब्दही ठाऊक नाहीत, त्याला ते रान निर्मनुष्य भासणारच. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे मोल केवळ पक्ष्या-प्राण्यांच्या माहितीत नाही. रानात राहणाऱ्या माणसांचे शब्द त्यांनी मराठीत आणले, आणि म्हणून त्यांचे जंगल कधी रिकामे वाटत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की शब्द गोळा करणे हीही एक शिकारच नव्हे काय? एका मरणासन्न भाषेच्या दारात वही घेऊन बसलेला विद्यार्थी गळ टाकून बसलेल्या माणसाहून वेगळा कसा? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर थोरो-पोलिस करारात आहे. वाटाड्याची मजुरी आधी ठरवावी आणि पुरती द्यावी. जे शिकलो ते कुणाकडून शिकलो हे त्याच्या संमतीने लिहावे. आणि आपल्याला येते ते त्याला हवे असल्यास द्यावे, मग तो एखादा सरकारी अर्ज वाचून दाखवणे का असेना. घेणे एकतर्फी राहिले तरच ती शिकार. दुसरा आक्षेप असा, की माणसाला एकांत हवा असतो, त्याला समाजशास्त्र शिकवू नका. एकांताची गरज मला मान्य आहे. पण निकचा एकांतसुद्धा मर्यादा ओळखतो. कथेच्या शेवटी तो पुढच्या दलदलीत शिरत नाही, ती पुढच्या एखाद्या दिवसावर ठेवतो. कुठे जायचे नाही हे ठरवणे हाही बेतच असतो.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थी अशी सहल ठरवत असतील तर त्यांना अडवू नका; निबंधाऐवजी हाच बेत लिहून मागा. त्यात वाटा असाव्यात, परवानगी असावी, पाणी कुठे मिळेल ते असावे, आणि अखेरीस शब्दांची एक यादी असावी, निघण्यापूर्वी मिळालेल्या पाच-दहा शब्दांची. परत आल्यावर ती वाढली असेल तर सहल झाली. मासा मिळाला नाही तरी चालेल. जोप्पो हा शब्द उच्चारणारी माणसे त्या डोंगरात आज आहेत. ती तिथे राहावीत आणि त्यांची मुलेही तो उच्चारत राहावीत, हे ज्याला सहलीला निघण्यापूर्वीच आपल्या काळजीचे वाटू लागले, त्याची सॅक नीट भरली असे मी म्हणेन.