नाणे एक, ठसे अनेक

सालाबादप्रमाणे यंदाही शाळेत छंद-प्रदर्शनाची तयारी सुरू झाली आहे. त्या निमित्ताने गेल्या वर्षीची एक चूक कबूल करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

गेल्या वर्षी नाणी-संग्रहाचे पहिले पारितोषिक आम्ही आठवीच्या एका विद्यार्थ्याला दिले. त्याच्याकडे १८०४ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर होता. आजोबांनी जुन्या बाजारातून हौसेने घेतलेला. खाली चिठ्ठी होती : ‘किंमत कोट्यवधी रुपये’. परीक्षक भारावले, आम्हीही भारावलो. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने प्रयोगशाळेतला लोहचुंबक त्या नाण्याजवळ नेला आणि नाणे टपकन चिकटले. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे सहावीच्या मुलीला ठाऊक. आम्हाला मात्र सुचले नाही. मुलगा रडवेला झाला. दोष त्याचा नव्हता, आजोबांचाही नव्हता. चिठ्ठी वाचून बक्षीस देणाऱ्यांचा होता.

त्यानंतर या डॉलरविषयी मिळेल ते आम्ही वाचले. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; इंग्रजी पुस्तक आम्ही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचतो. वाचायला वेळ लागला, पण डोळे उघडले.

अमेरिकेची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली. चांदीचा पहिला डॉलर १७९४ साली निघाला. त्या वर्षी अवघी १,७५८ नाणी बाहेर पडली. नाणे ठोकण्यासाठी दोन पोलादी ठसे लागत, एक पुढच्या बाजूचा, एक मागच्या. हिंदीत आपण ज्याला ‘ठप्पा’ म्हणतो तोच. मुख्य चित्र एकदम उठवले तरी तारे, अक्षरे आणि सालाचे आकडे कारागीर एकेक करून हाताने ठोकत. त्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे होत नसत. १७९५ च्या काही डॉलरांवर गरुडाच्या पंखाखाली दोन पाने आहेत, काहींवर तीन. १७९७ च्या काही नाण्यांवर डावीकडे दहा तारे व उजवीकडे सहा, तर काहींवर नऊ आणि सात. पोलाद महाग, म्हणून १७९८ च्या ठशावरच ९ चा आकडा ठोकून तो १७९९ साठी वापरला. त्या ९ खालचा ८ भिंगातून आजही दिसतो. १८०० च्या एका प्रकारात ‘अमेरिका’ या शब्दापुढे ठशावरील खुणेमुळे एक जादा अक्षर असल्याचा भास होतो.

ठसा वापरून वापरून तडकतो, आणि तडा नाण्यावर उमटतो. तडा जितका वाढलेला, तितके नाणे नंतरचे. असे तपासत संग्राहकांनी कोणता ठसा कोणत्या ठशाबरोबर जोडला गेला आणि आधी कोणती जोडी चालली, हे ठरवले. टांकसाळीच्या दप्तरात जे नाही ते नाण्यांनी सांगितले. हेजलटाइन यांनी १८८१ साली, बोलेंडर यांनी १९५० साली आणि बावर्स यांनी १९९३ साली या प्रकारांच्या याद्या छापल्या. आजही संग्राहक त्यांच्याच क्रमांकांनी बोलतात.

आणि तो १८०४ चा डॉलर? टांकसाळीच्या दप्तरात त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे, पण त्यांवर आधीची सालेच होती. १८०४ हे साल असलेली पहिली नाणी ठोकली गेली १८३४ मध्ये, सयाम व मस्कतच्या राज्यकर्त्यांना द्यावयाच्या भेटीसाठी. म्हणजे नाण्यावर छापलेल्या सालावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही!

काही पालक म्हणतील, “सर, हा श्रीमंतांचा छंद. आमच्या मुलांना त्याचा काय उपयोग?” खरे आहे. १७९४ चा एक डॉलर २०१३ साली एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. ते नाणे आपल्या मुलांच्या हाती येणार नाही. पण ज्या नजरेने ते पारखले गेले, ती नजर कोणालाही कमावता येते. साधे म्हणून विकायला ठेवलेल्या नाण्यांतून दुर्मिळ ठसा हेरणारा संग्राहक पैशाने मोठा असेलच असे नाही. त्याने ताऱ्यांच्या जागा पाठ केलेल्या असतात. खोट्या नाण्याचा पहिला संशयही त्यालाच येतो, कारण त्यावरील खुणा यादीतल्या कोणत्याच जोडीशी जुळत नाहीत.

आपण मुलांना उत्तरे पाठ करायला लावतो. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतला फरक शोधायला किती वेळा बसवतो? आमच्या मते संग्रहाची खरी किंमत संग्राहकाच्या वहीत असते. म्हणून यंदापासून प्रदर्शनात किमतीची चिठ्ठी लावता येणार नाही. गुण नाण्यांच्या संख्येला नव्हे, निरीक्षणाच्या वहीला मिळतील. रुपयाची पाच नाणी आणा. सालाखालची टांकसाळीची खूण पाहा. मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. जे दिसेल ते लिहा. सुरुवात एवढ्यानेही होते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती एवढीच, की यंदा करंडकांऐवजी दहा चांगली भिंगे घेऊन द्यावीत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही तेच नाणे घेऊन पुन्हा यायला सांगितले आहे. या वेळी खालची चिठ्ठी तो स्वतः लिहिणार आहे : ‘हे नाणे खोटे कसे ओळखावे?’