चाळीस म्हणजे नेमके किती?

कुर्तीच्या लेबलावरचा 40 हा आकडा एका ब्रँडच्या लेखी बाईच्या छातीचे माप असते, दुसऱ्याच्या लेखी शिवून झालेल्या कुर्तीचे. पहिली कुर्ती टेप लावल्यावर बेचाळीस इंच भरते, कारण हात वर-खाली करायला ढिलाई धरलेली असते. दुसरी बरोबर चाळीस. अंग तेच, नंबर तोच, तरी एक सैल होते आणि दुसरी काखेत काचते. मग ट्रायल रूममध्ये बाई कुर्तीला नव्हे, स्वतःच्या अंगाला बोल लावते.

ही सगळी कंपन्यांची लबाडी, असे म्हणून मात्र मोकळे होता येत नाही. कॉलेजच्या मुलींसाठी बेतणारा ब्रँड आणि चाळिशीतल्या नोकरदार बायकांसाठी बेतणारा, दोघांचा मूळ नमुना वेगळा असणारच. त्या एका नमुन्यावरून पुढची मापे वाढवताना दंड, कंबर, खांदा ठरावीक प्रमाणात वाढतात असे धरतात. माणसाचे अंग असे हिशेबात सुटत नाही.

सर्वांना एकच कोष्टक लावायचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला. 1939-40 मध्ये तिथे सुमारे 15,000 स्त्रियांची, प्रत्येकीची 59 मापे घेतली, पण हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या. त्या आधारावर 1958 मध्ये सरकारी प्रमाण आले. 1983 मध्ये ते मागे घ्यावे लागले. आपल्याकडे निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडिया साइझ’ या मापांच्या पाहणीसाठी 15 ते 65 वयोगटातल्या 25,000 जणांची मापे स्कॅनरने घ्यायचे काम हाती घेतले. ते हवेच. पण त्यातून निघालेले कोष्टक सक्तीचे केले, तर ज्यांचे अंग त्यात बसत नाही त्यांना आज वेगवेगळ्या ब्रँडांत मिळते ती निवडही उरणार नाही.

जास्त पैसे मोजले की माप बिनचूक, असेही नाही. स्वस्त मालात कापड वाचवतात आणि शिलाईत माया सोडत नाहीत, त्यामुळे उसवून वाढवायची सोय नसते. काही महागडे ब्रँड मोठ्या मापावर लहान नंबर लावतात. गिऱ्हाईक खूश, आकडा निरुपयोगी.

सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एलबरोबर सेंटिमीटरमधले मापही द्यावे, अशी तरतूद वैधमापनाच्या नियमांत 2022 मध्ये आली. पण नुसते ‘102 सेंमी’ वाचून काय कळणार? माझ्या मते सक्ती करायची ती इथे: कपडा ज्या अंगासाठी बेतला त्याची छाती, कंबर, नितंब ही तीन मापे छापा, आकार हवा तसा बेता. उल्हासनगरच्या छोट्या कारखानदाराची अडचण खरी आहे: दर खेपेचे कापड वेगळे, धुतल्यावर कमी-जास्त आटणारे. त्याला अर्ध्या इंचाची सूट द्यावी. लेबल तो आजही छापतोच, त्यात एक ओळ वाढेल.