प्लेगचा खर्च कोणी भरायचा आणि हिशेब कोणी मागायचा?

१/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि चाळी यांच्या दाटीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या अंगावर गाठी आढळल्या. त्यांनी निदान केले, प्लेग. व्हिएगस हे नुसते डॉक्टर नव्हते, महापालिकेचे सभासदही होते. त्यामुळे शहरावर कोसळणाऱ्या या संकटाची वार्ता पालिकेच्या सभागृहातूनच बाहेर पडली.

२/
या साथीचा वैद्यकीय आणि राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. रँड, चापेकर, टिळकांवरील खटला हे सारे मराठी वाचकाला पाठ आहे. त्या मानाने पैशाचा इतिहास उपेक्षित राहिला. औषधे, चुना, कार्बोलिक ॲसिड, रुग्णालये, छावण्या, मजुरी यांचा पैसा आला कोठून? तो खर्च करण्याची आज्ञा कोणाची होती? आणि खर्च झाल्यावर हिशेब कोणापुढे मांडला जाणार होता? हा धागा त्या प्रश्नांविषयी आहे.

३/
आधी घराची रचना पाहू. मुंबई महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चाले, आजही चालतो. ७२ सभासदांचे सभागृह, खर्चावर नजर ठेवणारी स्थायी समिती आणि सरकारने नेमलेला आयुक्त. हात आयुक्ताचे, थैली मात्र सभागृहाची. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून मिळवलेली ही व्यवस्था अपुरी होती. मतदानाचा अधिकार मूठभर करदात्यांना होता आणि गिरणगावातल्या कामगाराला त्यात स्थान नव्हते. तरीही कर देणाऱ्याच्या प्रतिनिधीने खर्चाला ‘का?’ असे विचारावे, एवढे तत्त्व तिने मान्य केले होते.

४/
विशेष म्हणजे हा कायदा लिहिणाऱ्यांना साथीचा विसर पडला नव्हता. कलम ४३४ सांगते की भयंकर रोगाची साथ आली आणि नेहमीचे अधिकार अपुरे पडले, तर आयुक्ताने सरकारच्या संमतीने विशेष उपाय योजावेत आणि तात्पुरते नियम जारी करावेत. पण त्याच कलमात पुढे एक बंधनही आहे. केलेल्या उपायांची माहिती आयुक्ताने विनाविलंब महापालिकेला दिली पाहिजे.

५/
म्हणजे घाईच्या वेळी परवानगीसाठी थांबू नका, पण केलेले काम दडवूही नका. एकाच कलमात दोन्ही गोष्टी मावल्या होत्या. हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काय झाले ते पाहायचे आहे.

६/
६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी याच कलमाखाली जाहीरनामा काढला. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे, घरे धुऊन काढणे, सामान जाळणे. ऑक्टोबरअखेर संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि स्नो यांना सक्ती सैल करावी लागली. त्यांच्या मनात आणखी एक भय होते. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही! ते भय खरे होते. मुंबईचा सर्वांत मोलाचा आरोग्यखर्च म्हणजे या माणसांचा तुटपुंजा पगार होता, आणि हे शहराला प्लेगने शिकवावे लागले.

७/
पैसा कशावर गेला? चुन्याच्या सफेदीवर, गटारे धुण्यावर, जंतुनाशकांवर, कौले काढून घरांत ऊन आणण्यावर. येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो उंदराच्या पिसवेमार्फत माणसापर्यंत पोचतो हे सिमाँने १८९८ मध्ये मांडले आणि तेही सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यामुळे १८९६-९७ मधला बराचसा खर्च वास मारणाऱ्या हवेशी लढण्यात गेला.

८/
याबद्दल त्या अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. साथीत पैसा नेहमी अपुऱ्या ज्ञानावर खर्च होतो. २०२० मध्ये रस्त्यांवर आणि माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणाऱ्या नगरपालिकांना १८९६ ला हसण्याचा अधिकार नाही. आणि ज्ञान अपुरे असते म्हणूनच नोंद पुरी हवी. कोणता उपाय फुकट गेला हे हिशेबावाचून कळायचे कसे?

९/
उत्पन्नाची बाजू याहून बिकट होती. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले जवळपास निम्मे लोक कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेले होते. पालिकेचा कणा म्हणजे घरांवरचे कर. भाडेकरू पळाला की भाडे बुडते आणि भाडे बुडाले की घरमालक कर भरताना कुरकुरतो. खर्च वाढतो त्याच महिन्यात उत्पन्न आटते, हा प्रत्येक साथीचा नियम आहे, आणि तिजोरी जितकी लहान तितका त्याचा फटका मोठा.

१०/
आता मूळ प्रसंग. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात साथरोग कायदा संमत झाला. अवघी चार कलमे. इतका आखूड कायदा क्वचितच इतका दीर्घायुषी ठरला असेल. त्याच्या दुसऱ्या कलमात एक उपवाक्य आहे, ज्याकडे इतिहासकारांचेही लक्ष कमी जाते. साथीच्या उपायांचा खर्च, नुकसानभरपाई दिल्यास तीही धरून, कोणत्या रीतीने आणि कोणी सोसायचा हे सरकार ठरवील.

११/
आणि चौथे कलम म्हणते की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाविरुद्ध दावा वा कारवाई चालणार नाही.

१२/
ही दोन कलमे १८८८ च्या कलम ४३४ शेजारी ठेवून वाचावीत. तिथे अधिकाराच्या पाठोपाठ माहिती देण्याचे बंधन होते. इथे अधिकार आहे, बिल दुसऱ्याच्या नावावर फाडण्याची मुभा आहे, कारवाईपासून संरक्षण आहे. माहिती देण्याचे बंधन तेवढे गायब आहे. नऊ वर्षांत कायद्याची जमीनच बदलली.

१३/
परिणाम लगेच दिसला. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली. स्नो, डॉ. डिमॉक आणि अभियंता जेम्स हे सभासद होते. आयुक्त समितीत होता, पण ज्या सभागृहाला तो उत्तरदायी होता ते सभागृह बाहेर राहिले. समिती सरकारला जबाबदार होती. तिच्या कामाचा भार मात्र पालिकेच्या निधीवर पडत होता. थैली आणि हात यांचे नाते तुटले.

१४/
गॅटेकर यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी निरनिराळ्या जातिजमातींना आपापली रुग्णालये काढू दिली, आणि पारशी, जैन, हिंदू, मुसलमान समाजांनी स्वतःच्या वर्गणीतून ती काढलीही. सक्तीच्या सरकारी रुग्णालयाला भिणारा माणूस तिथे आपल्या पायांनी गेला. शिवाय समितीने आपल्या कामाचा तक्त्यांनी भरलेला सविस्तर अहवाल छापला. मतदाराला न बांधलेल्या लष्करी अधिकाऱ्याने कामाचा लेखी वृत्तांत प्रसिद्ध केला, ही गोष्ट पुढील भाग वाचताना विसरू नये.

१५/
पुण्यात ‘खर्च कोणी सोसायचा’ या प्रश्नाने अधिक कठोर रूप घेतले. २२ जून १८९७ रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर शहरावर जादा पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा खर्च नागरिकांवरच लादण्यात आला. प्लेगने होरपळलेल्या गावाने स्वतःच्या शिक्षेचे बिलही भरायचे!

१६/
साथ ओसरण्यापूर्वीच मुंबईत १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. हेतू चांगला होता, कोंदट वस्त्या मोकळ्या करणे. पण हे काम पालिकेकडे न देता वेगळ्या मंडळाकडे दिले गेले. पालिकेने वर्गणी द्यायची, मंडळावर मात्र तिचे प्रतिनिधी अल्पसंख्य. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते झाले. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतले पुष्कळ जण शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. हा ट्रस्ट पालिकेत विलीन व्हायला १९३३ उजाडले. तातडीपोटी जन्मलेली सोय पस्तीस वर्षे जगली.

१७/
आता १२३ वर्षे पुढे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी हाच १८९७ चा कायदा लागू केला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. त्याचे कलम ५० म्हणते की तातडीच्या खरेदीत निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ समजली जाईल, आणि माल वापरल्याचे अधिकृत अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हेच हिशेबासाठी वैध पावती मानले जाईल.

१८/
या तरतुदीला हसू नये. प्राणवायूअभावी माणसे तडफडत असताना तीन आठवड्यांची निविदा काढणे हा नियमपालनाच्या नावाखाली केलेला गुन्हा ठरेल. मुंबई महापालिकेने गोरेगावपासून वरळीपर्यंत प्रचंड तात्पुरती रुग्णालये उभी केली आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले. घाई योग्यच होती.

१९/
प्रश्न घाई संपल्यानंतरचा आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांचे लेखापरीक्षण कॅगकडे सोपवले. त्यातल्या सुमारे ३,५०० कोटींच्या कोविड खर्चाची तपासणी होऊ शकली नाही. पालिका प्रशासनाने आधार घेतला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा आणि २००५ च्या आपत्ती कायद्याचा. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडलेल्या अहवालात तो खर्च वगळलेला होता.

२०/
त्या वेळी सभागृहही नव्हते. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. म्हणजे कॅगला नकार देणारे आणि एरवी ज्यांच्यापुढे हिशेब मांडायचा ते, दोन्ही एकाच खुर्चीत बसलेले.

२१/
साथरोग कायद्यात लेखापरीक्षणाला मनाई करणारा एक शब्दही नाही. ‘सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कारवाई नाही’ याचा अर्थ ‘वही उघडणार नाही’ असा लावणे ही अर्थाची ओढाताण आहे. सद्हेतू होता की नव्हता हे ठरणार कसे? वही उघडूनच. लेखापरीक्षण ही शिक्षाही नव्हे. प्रामाणिक अधिकाऱ्याला तेच सर्वांत भक्कम संरक्षण आहे.

२२/
ते झाले नाही की पोकळी भरायला दुसरे येतात. कोविड खरेदीबाबत पुढे पोलीस आणि ईडी यांच्या चौकश्या सुरू झाल्या, राजकीय आरोपांच्या फैरी झडल्या. त्यांतले खरे-खोटे न्यायालये ठरवतील. पण लेखापरीक्षकाच्या टिपणीत निकालात निघू शकणारी बाब पोलीस ठाण्यात गेली की खरी चूक आणि राजकीय सूड यांतला भेद नागरिकाला करता येत नाही, आणि पुढच्या साथीत सही करायला अधिकाऱ्याचा हात थरथरतो.

२३/
२०२० मध्ये संसदेने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली, ती आवश्यकच होती. परंतु खर्च कोणी सोसायचा हे राज्य सरकारवर सोडणारे उपवाक्य तसेच राहिले. त्यापुढे कलम ४३४ सारखे एक वाक्य जोडता आले असते. झालेला खर्च अमुक दिवसांत निर्वाचित सभागृहापुढे आणि ते नसेल तर थेट नागरिकांपुढे मांडला जाईल. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात त्याचा मसुदा तयारच पडलेला होता.