विस्तार कार्यकर्त्याचे स्वयंशिक्षण

शेतीविषयक ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे हे विस्तारकार्याचे ध्येय होय. परंतु हे ज्ञान ज्याने न्यावयाचे, त्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः कसे शिकावे, याचा विचार क्वचितच होतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याची प्रथा चालत आली आहे. पुढे १९७०च्या दशकात आलेल्या 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीने दर पंधरवड्यास पाठ देण्याची शिस्त घातली. या शिस्तीचे मोल मोठे आहे. तथापि उद्या शेतात कोणता प्रश्न उभा राहील, हे वरून आलेल्या पाठास आधी ठाऊक नसते.

अमेरिकन लष्करी अळीचेच उदाहरण घ्यावे. २०१८ साली ती भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. आधीच्या प्रशिक्षणात तिचा पाठ असणे शक्यच नव्हते. अशा वेळी परिपत्रकाची वाट पाहत बसल्यास अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरते. मग फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि शेतकऱ्याचा खर्च व हंगाम दोन्ही वाया जातात. उलट, जो कार्यकर्ता पोंगा उघडून पाहतो, डोक्यावरील उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण व शेपटीकडे चौकोनात असलेले चार काळे ठिपके ओळखतो आणि पाच ठिकाणी वीस-वीस झाडे मोजून प्रादुर्भावाचे प्रमाण काढतो, त्याच्या सल्ल्यास वजन येते.

अशा स्वयंशिक्षणास मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. शेतकऱ्यांनी विचारलेले आणि उत्तर न देता आलेले प्रश्न एका वहीत लिहावेत. त्यांतील एक प्रश्न दरमहा अभ्यासासाठी निवडावा. कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांस विचारावे, जाणत्या शेतकऱ्याचा अनुभव ऐकावा आणि जे आढळेल ते मासिक बैठकीत सहकाऱ्यांपुढे मांडावे.

ज्याने त्याने आपल्या मनाने शिकल्यास सल्ल्यात गोंधळ माजेल, अशी शंका काही अधिकारी घेतात. ती अगदीच निराधार नाही. यास्तव एक मर्यादा पाळली पाहिजे: प्रश्न कार्यकर्त्याचा असावा, निरीक्षणही त्याचेच असावे, परंतु औषध व त्याची मात्रा अधिकृत शिफारशीनुसारच सांगावी.

खरी अडचण निराळीच आहे. बैठकीत केवळ उद्दिष्टांचे आकडे विचारले गेले, तर कार्यकर्ता आकडेच गोळा करील. 'या महिन्यात नवे काय पाहिले?' असा प्रश्न वरिष्ठांनी विचारला आणि शिकण्यासाठी कामाच्या वेळातील काही तास राखून ठेवले, तर शिकणे हा कामाचाच भाग होईल. 'हे ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे म्हणणाऱ्यास कमीपणा येता कामा नये. शेतकरी बंधूंनीही अशा उत्तराचा मान राखावा. कारण न पाहता दिलेल्या सल्ल्याची किंमत शेवटी त्यांच्याच पिकास मोजावी लागते.