'महाराष्ट्र' लिहून दाखवा

सजावटी अक्षरांचा नवा देवनागरी फॉन्ट आला की त्याच्या जाहिरातीत हमखास अ, क, ग, ठ असतात. गोल, चौकोन, त्रिकोण असा एखादा आकार धरून सगळी अक्षरं बेतलेली असतात आणि दिसतातही झकास. मला मात्र एक खोड आहे. मी लगेच त्यात 'महाराष्ट्र' लिहून बघतो. 'महारा'पर्यंत सगळं ठीक चालतं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते!

एकच भौमितिक आकार घेऊन अख्खी लिपी बांधायची ही हौस तशी जुनी आहे. थिओ व्हान डूसबर्गने 1919 मध्ये फक्त आडव्या-उभ्या रेषांतून रोमन अक्षरं रचली. बाउहाउसमधल्या जोसेफ आल्बर्सने 1920 च्या दशकात चौकोन, वर्तुळ आणि पाव वर्तुळ एवढ्याच ऐवजावर वर्णमाला केली. विम क्राउवेलने 1967 मध्ये पडद्यावरच्या ठिपक्यांना सोयीची अक्षरं काढली. ती इतकी काटेकोर होती की त्यातली काही ओळखूच येत नाहीत. पण तो प्रयोग होता आणि तो तसाच म्हणून मांडला होता. शिवाय रोमनची एक सोय आहे. अक्षरं सुटी उभी राहतात, कॅपिटल्स तर एकाच उंचीच्या पट्ट्यात बसतात. प्रत्येकाला एकेक चौकट दिली की झालं.

आपल्याकडे चौकट पुरत नाही. समजा, पाव वर्तुळ हा आपला आकार ठरला. ठ तर त्यासाठीच जन्माला आल्यासारखा आहे: चार तुकडे जोडले की पूर्ण गोल, वर छोटी दांडी, शिरोरेषा. व, ग, ट हेही गुणी. मग येतो ध. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक मुख्यतः वरच्या डाव्या कोपर्‍यातल्या गाठीचा आणि तिथे तुटणार्‍या शिरोरेषेचा. आपलं पाव वर्तुळ मोठं असेल तर ती गाठ त्यात मावत नाही. ती गाळली की 'धार'ची 'घार' होते आणि 'भार'चा 'मार'. आकाराची शुद्धता राखली, अर्थ मात्र उडून गेला.

आता 'ष्ट्र' घ्या. पोटफोड्या ष ला पोट फोडायला तिरकी रेघ हवी, ती पाव वर्तुळात नाही. तरी मार्ग निघतो. काळ्या पोटात पांढरी चीर ठेवली तरी ष वाचता येतो. पण पुढे त्याचा दंड काढून तो अर्धा करायचा, शेजारी ट बसवायचा आणि त्याच्या पायाशी कौलारू छपरासारखा रकार द्यायचा. म्हणजे खाली जागा हवी. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांनाही जागा हवी. अशा तीन मजल्यांचा विचार सुरुवातीलाच केला नसेल तर शेवटी पाय मोडलेला ष आणि त्याच्यापासून फटकून उभा ट, असं काहीतरी हाती येतं.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं. सजावटी फॉन्ट फक्त मथळ्यासाठी असतो, त्यात कशाला हवीत सगळी जोडाक्षरं? मला हे अजिबात पटत नाही. मथळ्यातच तर नावं येतात! त्र्यंबक, ज्ञानदा, श्रद्धा, पद्मा. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, सगळीकडे हीच. डोंगरावरच्या पुस्तकाच्या नावात 'दर्‍या' लिहायच्या असतील आणि फॉन्टमध्ये तो आडवा र् नसेल, तर दर्‍यांचा थेट 'दर्या' होतो. मग घाईतला डिझायनर म्हणतो, मराठीत चांगले फॉन्टच नाहीत, इंग्रजीत टाकूया. पाटीवरून मराठी अशीही जाते, आणि तिच्यासाठी कुणी आंदोलनही करत नाही.

कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची शीर्षकं रेखाटली, तेव्हा त्यांना त्या एका नावापुरती अक्षरं लागत. त्या नावात ष्ट्र नसेल तर ष्ट्र काढायची गरज नव्हती. फॉन्ट करणार्‍याला ही मोकळीक नाही. कोण, कधी, कुठलं नाव टाइप करेल हे त्याला ठाऊक नसतं. दहा सुंदर अक्षरं म्हणजे पोस्टर. फॉन्ट म्हणायचा तर कुणाचंही नाव त्यात लिहिता आलं पाहिजे.

आणि हे अशक्य नाही. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' बघा. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी नुसती चिरेएवढी उरते. तरी जोडाक्षरांसकट वाचता येतो, आणि फुकट मिळतो. तिथे गुबगुबीतपणाची हौस पुरेपूर भागवली आहे, पण अक्षराच्या जिवावर नाही.

म्हणून माझं मत असं की काम उलट्या टोकाने सुरू करावं. ठ आणि ग आधी काढूच नयेत. ते कुणालाही जमतात, आणि मग आपण आपल्याच आकाराच्या प्रेमात पडतो. आधी ष्ट्र, ज्ञ, ध-घ, ठ्ठ आणि र्‍या काढावेत. तिथे आकार टिकला तर तो लिपीला मानवला. नाही टिकला तर आकार लहान करावा, एखादा तुकडा वाढवावा, किंवा सरळ दुसरा आकार शोधावा. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके काटेकोर मोजून काढतात, पण रेषा जुळल्या की दारातून येणार्‍याला कमळ दिसतं. ठिपकेच मोजावेसे वाटले तर रांगोळी फसली म्हणायची.

असो. तुमच्या नावात एखादं अवघड जोडाक्षर असेल तर जरूर कळवा. माझ्या तपासणीच्या यादीत अजून जागा आहे!